अर्ज उघडला पाहिजे

जानेवारी 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्यानं लोकांसाठी स्वतःचा वेगळा ब्राउझर काढला. खात्याचे काही अर्ज फ्लॅशमध्ये बांधलेले होते. अडोबीनं 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशची देखभाल थांबवली आणि 12 जानेवारीपासून फ्लॅश प्लेअरमध्ये काही चालेनासं झालं. अर्ज नव्यानं लिहायचं काम तोवर अपुरंच होतं. मग फ्लॅश चालेल असा ब्राउझरच करदात्यांच्या हातात ठेवला. फ्लॅश बंद होणार हे अडोबीनं जुलै 2017 मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे साडेतीन वर्षं हातात होती.

पुढच्या चार-पाच वर्षांचं वेब कशावर उभं करायचं, हे आत्ता कंपन्यांच्या बैठकांत आणि सरकारी निविदांत ठरतंय. तिथली तंत्रज्ञानाची नावं नवी आहेत, घोळ मात्र तोच आहे. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ब्राउझरला जे आपणहून येतं ते त्यालाच करू द्या. जे एकाच कंपनीच्या मर्जीवर चालतं किंवा स्वस्त फोनला झेपत नाही, त्यावर जनतेचा अर्ज बांधू नका.

फ्लॅश तेव्हा ज्या कंपनीचं होतं त्या मॅक्रोमीडियानं 2002 मध्ये ‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ ही कल्पना मांडली तेव्हा तिच्यात तथ्य होतं. तेव्हाच्या ब्राउझरला धड चित्र हलवता येत नव्हतं, व्हिडिओ दाखवता येत नव्हता. फ्लॅशला ते जमायचं. मग फ्लेक्स आलं, 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट आलं, सननं जावाएफएक्स आणलं. यातलं एकही तंत्र टाकाऊ नव्हतं. चांगल्या इंजिनिअरांनी मनापासून केलेली कामं होती ती. पण नोव्हेंबर 2011 मध्ये अडोबीनं मोबाइलवरचं फ्लॅश सोडलं आणि त्याच महिन्यात फ्लेक्स अपाचे फाउंडेशनच्या पदरात टाकलं. फ्लेक्स शिकून नोकरीला लागलेल्यांची विद्या एका महिन्यात जुनी झाली. सिल्व्हरलाइटचा आधार 12 ऑक्टोबर 2021 ला संपला. याउलट सर्नच्या प्रयोगशाळेतलं 1991 चं पहिलं संकेतस्थळ आजच्या फोनवरही उघडतं आणि वाचता येतं.

मराठी वाचकाला तर हे वेगळं सांगायलाच नको. युनिकोड रुळण्याआधी आपल्या वर्तमानपत्रांच्या साइट प्रत्येकी आपापल्या फॉन्टच्या सांकेतिक भाषेत होत्या. त्यांचा डायनॅमिक फॉन्ट बहुतेकदा इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट उतरायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्याच बातमीची रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. त्या काळचा मजकूर कुठे जपला गेला असला तरी तो शोधात सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तो मराठी नाहीच. खाजगी कुलपात घातलेल्या मजकुराचं काय होतं, हे आपण आपल्याच भाषेत भोगलंय.

आता आजचं चित्र. एचटीटीपी अर्काइव्ह हा उपक्रम लाखो संकेतस्थळांचं वजन नियमित मोजतो. 2024 च्या नोंदींत मोबाइलवरच्या मधल्या पानाचं वजन 2 एमबीच्या वर होतं, म्हणजे निम्मी पानं त्याहूनही जड. त्यात जावास्क्रिप्ट अर्ध्या एमबीहून जास्त, तीही दाबून लहान केलेली. फोनमध्ये उलगडल्यावर तिचा पसारा काही पट होतो आणि तो सगळा वाचून, समजून, चालवायचं काम फोनच्या प्रोसेसरवर पडतं. चित्र जड असेल तर ते उशिरा दिसतं, बाकीचं पान हाताळता येतं. जावास्क्रिप्ट जड असेल तर सगळं पानच अडून बसतं. डेटा स्वस्त झाला म्हणून हा भार हलका होत नाही.

समजा परभणी जिल्ह्यातली एक मुलगी वडिलांच्या आठ हजारांच्या फोनवर शिष्यवृत्तीचा अर्ज उघडते. आधी येतं एक रिकामं पान, त्यात गोल फिरणारं चक्र. मागून जावास्क्रिप्ट उतरते. ती चालू झाली की सर्व्हरला विचारते, या बाईंना काय दाखवू? उत्तर आलं की मग अर्ज रंगायला लागतो. हा फेरा वाचवायला हल्ली पान सर्व्हरवरच तयार करून पाठवतात. ते बरंच आहे, पण त्यात नवीन खोच असते. बटण दिसतं, पण त्याच्यामागची जावास्क्रिप्ट पोचलेली नसते. मुलगी ‘पुढे’ दाबते आणि काही होत नाही. पुन्हा दाबते. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत कोड जागा होतो आणि एकदम दोन पानं पुढे जातो. या जागं करण्याला धंद्यात हायड्रेशन म्हणतात. इंजिनिअर हे सगळं नव्या लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या वायफायवर बघतो, तिथे ते डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. त्याच्या लेखी हा त्रास अस्तित्वातच नाही.

मग जन्मतारखेचा रकाना येतो. ब्राउझरकडे तारीख निवडायची स्वतःची सोय आहे आणि फोनवर ती अंगठ्यानं फिरवता येते. पण ती ‘ब्रँडला शोभत नाही’ म्हणून कुणीतरी बाहेरची कॅलेंडरची लायब्ररी बसवलेली असते. तिच्यात एका बाणानं एक महिना मागे जाता येतं. अर्जदार 1958 सालचे आजोबा असतील तर आठशेच्या आसपास वेळा बाण दाबायचा. वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, ही युक्ती त्यांना कुणी सांगितलेली नसते. जिल्ह्याच्या यादीचीही तीच गत. 36 जिल्हे आणि 358 तालुके दाखवायला ब्राउझरची साधी यादी पुरते. ती पडदाभर उघडते, अक्षर मोठं असतं, आंधळ्या माणसाला फोन ती वाचून दाखवतो. तिच्या जागी हातानं रंगवलेली यादी ठेवली की ती कीबोर्डखाली दडते आणि ‘यवतमाळ’ला बोट लावलं की ‘वाशिम’ निवडलं जातं.

अर्ज फोनवर उघडत नाही म्हटल्यावर माणसं काय करतात? सायबर कॅफेत जातात, पैसे मोजतात आणि दुसऱ्याकडून भरून घेतात. आधार क्रमांक, बँकेचं खातं, फोनवर आलेला ओटीपी, सगळं त्या खुर्चीवरच्या माणसाला वाचून दाखवतात. पान जड असल्याची किंमत ही आहे. ती वेगाच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून मला राग येतो.

गूगलनं मार्च 2024 पासून साइटच्या तब्येतीचं एक माप बदललं. दाबल्यापासून पडद्यावर काहीतरी हलेपर्यंत किती वेळ जातो, तो आता मोजला जातो. 200 मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. हे माप योग्य आहे, कारण ते बोटापासून सुरू होतं.

आता पुढचा फ्लॅश कुठे शिजतोय ते सांगतो. सगळं पान एका कॅनव्हासवर स्वतःच रंगवायचं, ही कल्पना पुन्हा आली आहे. ॲप बांधायच्या फ्लटर या साधनाचं वेबवरचं रूप हे तिचं ठळक उदाहरण. एकच कोड अँड्रॉइडवर, आयफोनवर आणि वेबवर चालतो म्हणून ठेकेदाराला ते सोपं पडतं. फोनच्या ॲपसाठी मी फ्लटरला नावं ठेवणार नाही. पण वेबवर ते ब्राउझरला अक्षर देत नाही, अक्षराचं चित्र देतं. पानात शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही. पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीची सोय मुळात बंद असते, एक न दिसणारं बटण दाबून ती सुरू करावी लागते. डोळे नसलेल्या माणसानं न दिसणारं बटण शोधायचं! देवनागरीचं तर आणखी वेगळं. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीपासून असतो. कॅनव्हास रंगवणाऱ्या या यंत्रणेला तो वापरता येत नाही. ॲपसोबत देवनागरी फॉन्ट दिलेला नसेल तर ती जाळ्यावरून नवा उतरवते आणि तोवर मराठी शब्दांच्या जागी चौकोन दिसतात. फ्लटरची स्वतःची कागदपत्रं सांगतात की मजकूरप्रधान पानांसाठी हे तंत्र नाही. तरीही मजकुरानं भरलेले अर्ज त्यात बांधले जातात.

फ्लॅशनंही हेच केलं होतं. देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांसाठीचं नवं अक्षरयंत्र त्यात 2008 च्या दहाव्या आवृत्तीत आलं. तोपर्यंत मराठी मजकूर चित्र म्हणून चिकटवायची पाळी यायची. ब्राउझरनं मात्र मराठीसाठी कितीतरी करून ठेवलंय आणि आपण ते वापरत नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. पानाच्या अगदी सुरुवातीला ‘हे पान मराठीत आहे’ अशी खूण केली आणि फॉन्टमध्ये ती सोय असली, की ब्राउझर आपणहून मराठी वळण घेतो. त्याच खुणेवरून वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडतं. ही दोन अक्षरांची खूण आहे, फुकट आहे. मराठीतली ढीगभर पानं अजून स्वतःला इंग्रजी म्हणवून घेतात. हा आळस आहे, याला दुसरं नाव नाही.

वेबअसेम्ब्लीबद्दल मात्र मला मनापासून आनंद आहे. 2017 मध्ये ती चारही मोठ्या ब्राउझरांत आली आणि 5 डिसेंबर 2019 ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू3सीचं अधिकृत मानक झाली. सी++ किंवा रस्टमध्ये लिहिलेला कोड तिच्यामुळे ब्राउझरमध्ये जवळजवळ मूळच्या वेगानं पळतो. ऑटोकॅड 1982 पासूनचं. त्याचा जुना सी++ कोड आता वेबवर चालतो. फिग्मा, फोटोशॉप यांचीही तीच वाट. रफल नावाचा प्रकल्प तर जुनी फ्लॅश ॲनिमेशन याच तंत्रानं पुन्हा जिवंत करतो आणि इंटरनेट अर्काइव्हनं 2020 पासून तो वापरात आणलाय. ग्राफिक्स चिपची ताकद पानाला वापरू देणारं वेबजीपीयूही क्रोममध्ये 2023 ला आलं आणि आता इतर ब्राउझरांत पसरतंय. त्रिमिती नकाशे, वैद्यकीय प्रतिमा, व्हिडिओ संपादन, हे सगळं पुढच्या काही वर्षांत ब्राउझरच्या एका खिडकीत मावेल. या दोन्ही तंत्रांवर मालकी एका कंपनीची नाही. ती मानकं आहेत, त्यामुळे एकानं हात वर केले तरी बाकीचे चालवतील.

पण ज्या साधनावर माणूस दिवसभर बसून काम करतो, त्याला सुरुवातीला दहा सेकंद लागले तर चालतं. नकाशा काढणारा आर्किटेक्ट ते सहन करतो, पुढचे सहा तास त्याला त्याचा मोबदला मिळतो. वर्षातून एकदा भरायच्या अर्जाला ते दहा सेकंद माफ नाहीत. तंत्र निवडायचं ते एवढं बघून. कंपन्यांत मात्र उलटं चालतं. टीमला जे येतं ते आधी ठरतं, वापरणारा कोण हे नंतर.

पानं बांधायचं जावास्क्रिप्टचं साधन रिॲक्ट 2013 चं, आणि अजून काही वर्षं तेच सगळीकडे राहील. स्वेल्ट, ॲस्ट्रो, एचटीएमएक्स, क्विक या नव्या साधनांची नावं वेगवेगळी असली तरी बहुतेकांचं बोट एकाच दिशेला आहे: ब्राउझरकडे कमी कोड पाठवा. तिथे वाद उरलेला नाही.

वाद उरलाय तो कोड लिहून देणाऱ्या एआयचा. ही साधनं आधी लिहिलेल्या कोडवर शिकलीत. त्यात रिॲक्टचा महापूर आहे, म्हणून काही न सांगता फॉर्म मागा, बहुतेक वेळा रिॲक्टच हातात येईल. बटणाच्या जागी बटण न वापरता नुसता डबा काढून त्याला क्लिक जोडायची जुनी खोडही ती शिकली आहेत. अशा बटणावर कीबोर्डनं पोचता येत नाही. ज्याला हे माहीत आहे तो दुरुस्त करून घेतो. ज्याला माहीत नाही त्याचा कोड तसाच जनतेच्या गळ्यात पडतो, आणि आता तो पूर्वीपेक्षा कितीतरी वेगानं पडेल. पुण्यातल्या गल्लोगल्लीच्या ‘फुल स्टॅक’ वर्गांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पोरांना पहिल्या महिन्यात रिॲक्ट शिकवू नका. जावास्क्रिप्टची एकही ओळ न वापरता चालणारा फॉर्म बांधायला लावा, चुकीचा पिनकोड टाकल्यावर ब्राउझर स्वतः कसा अडवतो ते दाखवा. एआय चार ओळींत कोड देईल. तो बरा की वाईट, हे ओळखायची नजर वर्गातच तयार व्हायला हवी. पोरांनी फी त्यासाठीच भरलेली असते.

एआय ब्राउझरच्या आत बसवायचीही घाई चालली आहे. क्रोममधलं छोटं मॉडेल वापरण्यासाठी गूगलच्या कागदपत्रांत 22 जीबी मोकळी जागा मागितली आहे, आणि सध्या ते डेस्कटॉपपुरतंच आहे. 64 जीबीच्या फोनवर फोटो पुसून जागा करणाऱ्या माणसाला यातलं काहीही मिळणार नाही. त्याच्या अर्जाचा यावर भरवसा ठेवू नका.

आणि उधारीच्या कोडचं काय? सप्टेंबर 2025 मध्ये चॉक, डीबग अशा, एनपीएम या जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या कोठारातल्या पॅकेजांत घातक कोड घुसवला गेला. सांभाळणाऱ्या माणसाला एक खोटा मेल आला, एवढंच निमित्त. आठवड्याला अब्जावधी वेळा उतरवली जाणारी पॅकेजं होती ती. डिसेंबर 2025 मध्ये रिॲक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये सापडलेल्या त्रुटीला धोक्याच्या मोजपट्टीवर 10 पैकी 10 मिळाले. एका तारखेच्या रकान्यासाठी अनोळखी माणसांचा कोड घरात घेताना हे आठवावं.

ब्राउझर स्वतः किती पुढे गेलाय, हे पुष्कळ इंजिनिअरांना ठाऊक नाही. डायलॉगची खिडकी 2022 पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. आपल्या चौकटीच्या मापानुसार मांडणी बदलू देणारी कंटेनर क्वेरी 2023 पासून आहे. पानावर तरंगणारी छोटी खिडकी उघडणारं पॉपओव्हर आलं, एका पानातून दुसऱ्या पानात अलगद सरकायची सोय येते आहे, यादीला हवा तसा रंग द्यायची सोय क्रोममध्ये 2025 ला आली. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी एकत्र बसून कोणत्या गोष्टी सगळीकडे सारख्या चालायला हव्यात ते ठरवतात. ज्या कामांसाठी दहा वर्षांपूर्वी लायब्ररी लागायची त्यातली बरीच आता घरचीच झालीत. जुनी लायब्ररी मात्र कुणी काढत नाही.

स्वस्त यंत्रावर हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी 2017 चा जिओफोन आठवावा. 512 एमबी रॅम, अडीच इंचांच्या आतला पडदा, आणि आतली ॲप्स वेबच्याच तंत्रात बांधलेली. फ्लिपकार्टनं 2015 मध्ये मोबाइल साइट बंद करून सगळ्यांना ॲपकडे ढकलून पाहिलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्ट लाइट घेऊन वेबवर परत आलं. रेंज गेली तरी चालणारं पान तेव्हापासून शक्य आहे. भामरागडच्या किंवा मेळघाटच्या आशाताईंना याची गरज आहे. अर्धवट भरलेली माहिती फोनमध्येच जपायची आणि रेंज आली की पाठवायची. हे तंत्र तयार आहे, ब्राउझरमध्ये आहे, फुकट आहे. सेशन संपलं म्हणून भरलेले चाळीस रकाने पुसून टाकणारी साइट बांधायला आज कुठलीही तांत्रिक सबब उरलेली नाही.

एक धोका मात्र खरा आहे. ब्राउझरची मोठी इंजिनं आता तीनच उरलीत आणि त्यात क्रोमचं पारडं फार जड आहे. आयफोनवर युरोपबाहेर बहुतेक ठिकाणी कुठलाही ब्राउझर घ्या, आत ॲपलचंच इंजिन. फेब्रुवारी 2024 मध्ये ॲपलनं युरोपात होमस्क्रीनवरची वेब ॲप काढून टाकायचं ठरवलं होतं. ओरड झाल्यावर 1 मार्चला माघार घेतली. म्हणून फक्त क्रोममध्ये चालणारी सोय अर्जाचा कणा करू नये. ती वरची सजावट म्हणून ठेवावी. नसली तरी अर्ज भरता आला पाहिजे.

हे सगळं निविदेतल्या चार अटींत बसतं. पहिलं पान किती केबीचं असावं हा आकडा लिहा. जावास्क्रिप्ट आली नाही तरी अर्ज वाचता आणि पाठवता आला पाहिजे, असं लिहा. मजकूर खऱ्या युनिकोड अक्षरांत हवा, चित्रात नको, आणि पानावर मराठीची खूण हवी. शेवटचा हप्ता देण्याआधी बाजारातला आठ हजारांचा फोन आणा, वायफाय बंद करा आणि ज्यानं ही साइट कधी पाहिलेली नाही अशा माणसाला अर्ज भरू द्या. ठेकेदाराच्या माणसानं शेजारी उभं राहून बोट दाखवायचं नाही. वर्षभरानं तसलाच फोन घेऊन पुन्हा तपासा, कारण साइट पहिल्या दिवशी जड नसते. नंतरच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी ‘एवढं एक टाका’ म्हणतो, त्यानं ती जड होत जाते.